मेंदूविकार संशोधनाचं प्रशिक्षण: पीएचडीच्या पहिल्या वर्षातच घ्या

या प्रशिक्षणातली प्रयोगशाळेची सत्रं अप्रतिम. त्वचेच्या पेशींना आधी स्टेम सेल (कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणारी मूळ पेशी) बनवून मग चेतापेशी केल्या, तर वयाच्या खुणा बऱ्याच अंशी पुसल्या जातात. थेट चेतापेशी केल्या तर त्या खुणा टिकतात. म्हातारपणाच्या आजारांवर काम करताना केवढा महत्त्वाचा फरक! मॅडमनी दोन्ही प्रकार आमच्याच हातून करून घेतले. अल्झायमरच्या आजारात चेतापेशींत साचणारे टाऊ प्रथिनाचे गुंतेही रंगवून पाहिले, अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये सांगितलेले तेच. संख्याशास्त्र ठीकठाक.

रुग्णांच्या घरच्यांशी भेट मात्र एका दुपारीच आटोपली, याचं वाईट वाटलं. पार्किन्सन्समध्ये कंपाच्या कित्येक वर्षं आधी वास येणं कमी होऊ शकतं, हे मी वाचलं होतं. पण आपल्या नवऱ्याला फोडणी करपलेली कळेना, हे तिथे भेटलेल्या एका काकूंच्या तोंडून ऐकल्यावरच माझ्या संशोधनाचा प्रश्न ठरला.