जागलीवरून लघुग्रह पाहायचा असेल तर : जेपीएल होरायझन्स, चार वर्षं वापरून

आधी सांगतो की हा दुर्बिणीचा रिव्ह्यू नाही. दुर्बीण माझ्याकडे आहे, आठ इंची आरशाची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर आडवी आणि वर-खाली फिरणारी, जुनी घेतलेली, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. हा रिव्ह्यू आहे नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स नावाच्या सेवेचा, लघुग्रह कधी कुठं दिसेल त्याचं टेबल ती देते, ती फुकट आहे, नोंदणी नाही, जाहिरात नाही, आणि माझं म्हणणं असं आहे की पृथ्वीजवळून जाणारा लघुग्रह स्वतःच्या डोळ्यानं पाहायचा असेल तर दुर्बिणीआधी हे शिका. मी उलटं केलं, आधी दुर्बीण घेतली आणि दोन हिवाळे नुसतं आकाश चाळत बसलो, हाती काही लागलं नाही.

आमचं वावर लोणारपासून गाडीवर अर्ध्या तासावर आहे. लहानपणापासून ते विवर पाहत आलो, काळ्या पाषाणात जवळपास १.८ किलोमीटर रुंद खड्डा, आणि ज्या दगडानं तो पाडला तो स्वतः खड्ड्यापेक्षा कितीतरी लहान होता हे शाळेत कळलं तेव्हापासून हे वेड आहे. रब्बीत हरभऱ्याला ओलीत असतं आणि थ्री फेज लाइट बहुतेक वेळा रातचीच, शिवाय रोही आणि डुकरं, त्यामुळे जागल चुकत नाही. मोटर चालू करून दिली की दर दोन-तीन तासांनी स्प्रिंकलर बदलायचे, मधला वेळ आपला. आकाश काळंभोर असते, गावातला एकच हायमास्ट लाइट तो पण धुऱ्यावरच्या चिंचेमागं लपतो. एवढी चांगली जागा असून दिसत का नाही, हाच माझा प्रश्न होता.

मोबाइलवरच्या तारांगण ॲपमध्ये लघुग्रहाचं नाव टाकलं की ते जागा दाखवतात, आणि लांबच्या लघुग्रहासाठी ती बरोबर पण असते. पण जवळून जाणाऱ्याचं तसं नाही. एक तर पृथ्वीजवळ आला की आपल्या पृथ्वीच्या ओढीनं त्याचा रस्ता थोडा वाकतो, आणि ॲपमधे महिन्यांपूर्वीची कक्षा भरलेली असली तर ते जुन्याच रस्त्यावर त्याला चालवत राहतं. दुसरं असं की आपण काही पृथ्वीच्या मध्यावर बसून पाहत नाही, वावरातून पाहतो. डोळ्यासमोर बोट धरून एकदा उजवा एकदा डावा डोळा झाका, बोट सरकतं ना, तसंच. लांबच्या ताऱ्याला काही फरक पडत नाही पण जवळच्या दगडाला पडतो, आणि जितका जवळ तितका जास्त.

होरायझन्स हे दोन्ही हिशोब करतं. ताजी कक्षा घेतं, सूर्य आणि ग्रहांच्या ओढीचं गणित मांडतं आणि तुम्ही ज्या अक्षांश-रेखांशावर उभे आहात तिथून तो नेमका कुठं दिसेल ते मिनिटामिनिटाचं टेबल देतं. १९९६ पासून ही सेवा सुरू आहे. मोठमोठ्या दुर्बिणीवाले वापरतात तीच ही, आपल्यासाठी वेगळी हलकी आवृत्ती वगैरे काही नाही, आणि मला ह्याच गोष्टीचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं.

पहिल्यांदा खरं कामी आलं ते १८ जानेवारी २०२२ ला. १९९४ पीसी१ नावाचा लघुग्रह, साधारण एक किलोमीटरचा, रॉबर्ट मॅकनॉटनं ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगवरून १९९४ ला शोधलेला, पृथ्वीपासून सुमारे १९.८ लाख किलोमीटरवरून जाणार होता, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या पाचपट. सगळ्यात जवळ यायची वेळ आपल्याकडं १९ च्या पहाटे सव्वातीन-साडेतीनच्या मधली, तोवर तो मावळलेला, म्हणून संध्याकाळीच पाहणं भाग होतं. शाकंभरी पौर्णिमेचा दुसरा दिवस, चंद्र जवळजवळ पूर्ण आणि दिवेलागणीलाच उगवलेला. तेज दहाव्या प्रतीच्या आसपास (आकडा जितका मोठा तितकं फिकं) म्हणजे नुसत्या डोळ्यानं अजिबात नाही, आठ इंचीतून चंद्रप्रकाश असला तरी हो.

आता टेबल कसं काढलं ते सांगतो कारण लोक इथंच अडकतात. लघुग्रहाचं नाव टाकायचं, टेबलाचा प्रकार निरीक्षकाचा निवडायचा, मग जागा. जागेत आपोआप पृथ्वीचा मध्य भरलेला असतो, तो बदलायलाच पाहिजे, इथं बहुतेक जण तसंच सोडून देतात. त्या दिवशी पृथ्वीचा मध्य आणि आमचं वावर ह्यात दहा-अकरा मिनिटांपर्यंत कोनाचा फरक पडू शकत होता (कोनाचं मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्ण चंद्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि तेवढ्यात आयपीसमधे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, दुसराच तारा त्याच्या जागी धरून बसता. रेखांश आधी की अक्षांश आधी हे नीट वाचून टाका. मी पहिल्यांदा उलटं टाकलं, २० पूर्व आणि ७६ उत्तर, ती जागा नॉर्वेच्या वरच्या समुद्रात येते, टेबल मात्र बिनचूक छापून आलं, चूक झाली म्हणून ते सांगत नाही. उंचीच्या रकान्यात मीटर की किलोमीटर तेही पाहून घ्या.

दुसरी अडचण वेळेची. टेबल युनिव्हर्सल टाइममधे म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत येतं, आपल्याला साडेपाच तास मिळवायचे. तो दगड त्या दिवशी तासाला दोन अंश सरकत होता, म्हणजे वेळ मिळवायची विसरलात तर अकरा अंश चुकलात, दुर्बीण भलत्याच नक्षत्रात लागेल. मी वहीत टेबल उतरवतानाच आपली वेळ लिहितो, पेनानं, रातच्याला मोबाइलचा उजेड डोळ्यावर नको म्हणून.

तिसरी अडचण कुणीच सांगत नाही. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो म्हणून टेबलात ताऱ्यांच्या नकाशावरची जागा दोन तऱ्हेची मिळते, एक २००० सालच्या चौकटीतली आणि एक आजच्या तारखेची. तुमचा नकाशा २००० सालचा असेल आणि आकडे आजच्या तारखेचे घेतले तर २०२२ मधे अठरा मिनिटं कोनाची चूक, अर्ध्या चंद्राहून जास्त. मला हे कळायला एक अख्खा हिवाळा गेला. नकाशा आणि आकडे एकाच चौकटीतले घ्या, बाकी काही समजलं नाही तरी चालेल. नाहीतर सरळ दिशा आणि उंचीचे आकडे मागवा, उत्तरेपासून किती अंश आणि क्षितिजापासून किती वर, डॉब्सोनियनवाल्यांना ते सोपं पडतं. टेबलात वेळेच्या पुढं बारीक अक्षरं असतात, चांदणी (*) म्हणजे दिवस, एम म्हणजे चंद्र वर आहे, ती पण पाहत जा.

तर त्या संध्याकाळी तो तिमिंगल आणि मीन ह्यांच्या भागात होता, आकाशात पश्चिमेकडं कललेला. आम्ही रोही अडवायला काय करतो, तिच्यामागं पळत नाही, ती धुऱ्यातल्या ज्या फटीतून निघणार तिथं आधीच जाऊन बसतो. तसंच केलं. दहा-दहा मिनिटांच्या जागा नकाशावर टिंबानं मारल्या, वीस मिनिटं पुढच्या टिंबापाशी एक ओळखीचा ताऱ्यांचा त्रिकोण होता तो २५ मिलिमीटरच्या आयपीसमधे धरला आणि थांबलो. माझ्या दुर्बिणीत त्यानं ४८ पट दिसतं, साधारण एक अंश आकाश मावतं, म्हणजे त्याला आरपार जायला अर्धा तास.

आला. वेळेवर आला, वहीत लिहिलेल्या मिनिटाला त्रिकोणाच्या खालच्या ताऱ्याजवळ एक जास्तीचा ठिपका होता आणि दोन मिनिटांत तो ताऱ्यापासून दूर झाला. दिसायला काहीच विशेष नाही हो, एक फिका तारा. पण तो चालत होता. सेकंदाला साडेएकोणीस किलोमीटर वेगानं जाणारा एक किलोमीटरचा दगड चालताना मी माझ्या वावरातून पाहत होतो आणि बाजूला मोटर चालू होती.

बाबा नोझल पाहून आले. म्हणे, "काय पाह्यून राह्यला रे एवढा वाकून?" सांगितलं की बाबा, एक दगड जाऊन राह्यला, चंद्राच्या पाचपट दूरून. बाबांनी विचारलं, "अन् तुले कोनं सांगतलं का तो इथंच दिसन म्हून?" मी वही दाखवली. त्यांनी डोळा लावला, म्हणाले तीन-चार तारे हायेत, मग मी पाच मिनिटं थांबा म्हटलं, पुन्हा लावला. "सरकला ना बाप्पा." मग माझ्याहून जास्त वेळ तेच पाहत बसले, मला म्हणाले स्प्रिंकलर तू बदल.

हाच दगड इतक्या जवळ पुन्हा येणार १८ जानेवारी २१०५ ला. ते पण त्याच टेबलात दिसतं.

आता ह्याच्या बाजूच्या सेवांबद्दल थोडं. जेपीएलच्याच सीएनईओएस ह्या पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राच्या पानावर जवळून जाणाऱ्यांची यादी असते, तारीख, अंतर, वेग, अंदाजे आकार. अंतर चंद्राच्या पटीत दाखव म्हटलं तर तसं दाखवतं, गावात समजावून सांगायला ते बरं. त्या यादीतले बरेच दगड घराएवढे किंवा बसएवढे असतात आणि फार फिके, आठ इंचीतून दिसायचे नाहीत, नाव पाहून खूश होऊ नका, आधी होरायझन्समधे तेज काढा. बारापेक्षा फिका असेल तर मी झोपतो. आइज ऑन ॲस्टेरॉइड्स नावाचं थ्रीडी चित्रवालं पण आहे, पोरांना दाखवायला फार छान, पुतण्या तासभर फिरवत बसतो, पण दुर्बिणीच्या कामाचं नाही आणि आमच्या नेटवर्कला ते उघडेपर्यंत मोटरची पाळी येते.

सेंट्री मात्र कामाचं. पुढच्या काळात धडकायची शक्यता ज्यांची अगदी शून्य म्हणता येत नाही अशांची ती यादी. फेब्रुवारी २०२५ मधे २०२४ वायआर४ ह्या लघुग्रहावरून केवढा गोंधळ झाला होता आठवत असेल, चिलीमधल्या ॲटलास दुर्बिणीनं २७ डिसेंबर २०२४ ला तो शोधला, २२ डिसेंबर २०३२ ला धडकायची शक्यता वाढत वाढत १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर गेली आणि टपरीवर लोक म्हणायचे दररोज वाढून राह्यलं म्हणजे येतेच आता. गावग्रुपवर भारतावर पडणार म्हणून व्हिडिओ. माझी माय दोन रात्री नीट झोपली नव्हती, खरंच सांगतो. मी तिला गारपिटीवरून समजावलं. आधी सांगतात की जिल्ह्यात गारपीट होईल, मग तालुका सांगतात, मग चार गावं. आपलं गाव त्या घेऱ्यात असेतोवर घेरा लहान झाला की आपली शक्यता वाढलेलीच दिसणार, आणि मग एका दिवशी घेरा अजून लहान होतो आणि गाव बाहेर पडतं. तसंच झालं. जास्तीची निरीक्षणं आली, २४ फेब्रुवारीपर्यंत नासाचा आकडा ०.००४ टक्के झाला. मी रोज सकाळी सेंट्रीचा आकडा वाचून मायला सांगायचो, तिला टीव्हीपेक्षा तो आकडा बरा वाटायचा कारण त्यात वरखाली झालेलं लपवलेलं नसतं.

होरायझन्सच्या उणिवा सांगतो. सगळं इंग्रजीत आहे आणि तेही बोजड इंग्रजी, गावातल्या शाळेत शिकलेल्या पोराला एकट्यानं जमणं कठीण, कोणीतरी शेजारी बसून एकदा दाखवायला पाहिजे. टेबल नुसतं अक्षरांचं असतं, त्यामुळे कमी रेंजमधे येतं हा फायदा, पण इतकं रुंद की मोबाइलवर आडवं ओढत ओढत वाचावं लागतं आणि ओळ चुकते. त्यावर उपाय म्हणजे रकाने कमी करा, जागा, तेज, सरकण्याचा वेग आणि अंतर एवढंच ठेवा. चित्र नाही, नकाशा नाही, तो दुसरीकडून आणा, स्टेलारियम नावाचं तारांगण सॉफ्टवेअर फुकट आहे. आणि आजच सापडलेला, अजून पक्कं नाव न मिळालेला दगड इथं नसतो, तो आधी लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या खात्री करायच्या यादीत असतो, जगभरच्या दुर्बिणीवाले मोजमापं तिकडं पाठवतात आणि मग कक्षा पक्की होते. मला वाटतं आपल्या बुलढाणा-वाशिमकडं एवढं काळं आकाश असून अशी मोजमापं पाठवणारी एक तरी शाळा पाहिजे होती, विवराच्या काठावर राहतो आपण.

पाचपैकी साडेचार. अर्धा फक्त भाषेसाठी कापला.

आता माझी तयारी २०२९ ची. अपोफिस नावाचा लघुग्रह, साडेतीनशे मीटरच्या आसपासचा, पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाणार, धडकणार नाही हे पक्कं आहे. तारीख १३ एप्रिल सांगतात ती युनिव्हर्सल टाइमची, सगळ्यात जवळ येईल तेव्हा आपल्याकडं १४ एप्रिलचे पहाटेचे सव्वातीन झालेले असतील. म्हणजे भीमजयंतीची रात्र, बारा वाजता आमच्या गावात सगळे जागेच असतात. एवढ्या जवळच्या दगडाला पृथ्वीच्या मध्याचं टेबल घेतलं तर चूक मिनिटांत नाही, अंशांत जाते, नऊ-साडेनऊ अंशांपर्यंत, म्हणून नागपूरवाल्यांनी नागपूरचे आणि मेहकरवाल्यांनी मेहकरचे आकडे टाका, दुसऱ्याचं टेबल फॉरवर्ड करू नका. मी आमच्या वावराचं काढून माळ्याच्या खांबाला लावून ठेवलंय, बाबा येता-जाता त्याच्यावर हात फिरवतात. तेरा तारखेच्या संध्याकाळी ताजं काढणार आहे, वावरात रेंज नाही आली तर पाण्याच्या टाकीपाशी येते.