आठ महिने घरच्या घरी रेकॉर्डिंग: पेटी, गळा आणि दहा बाय अकराची खोली

पाडव्याला सामान आणलं, आता कार्तिकी एकादशी होऊन गेली, म्हणजे आठ महिने झाले, रोज नाही तरी आठवड्यातून तीन-चारदा वापरतोय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर सगळं माइकबद्दलच लिहिलं असतं, आज मला जास्त सांगायचंय ते खोलीबद्दल आणि आपण बसतो कुठे त्याबद्दल.

आधी गरज काय होती ते सांगतो. मी पेटी घेऊन गातो, अभंग आणि थोडं नाट्यसंगीत, आई भजनी मंडळात गाते आणि मामा तबल्याला बसतो. राहतो पुण्यात कर्वेनगरला, दुसऱ्या मजल्यावर, नदीच्या बाजूला. बजेट तीस हजार. लॅपटॉप घरातलाच जुना, ८ जीबी रॅमचा, त्यात फक्त एसएसडी टाकून घेतली. फोकसराइट स्कारलेट टूआयटू इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा, सेकंडहँड मिळाला, ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माइक नवीन, त्यांचेच एम२०एक्स हेडफोन, आणि मामाच्या ओळखीतून एक जुना शुअर एसएम५८ माइक. स्टँड, केबल, पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी) धरून तिसाच्या आत बसलं. स्पीकर घेतलेच नाहीत, एवढ्याशा खोलीत ते नीट ऐकूच येत नाहीत, त्यापेक्षा बंद कपाचे हेडफोन बरे, तानपुरा कानात लावला तरी बाहेर फार झिरपत नाही.

दोन इनपुटचाच इंटरफेस का, हे नीट सांगतो कारण इथेच बरेच जण एका इनपुटचा घेऊन हजार-दोन हजार वाचवतात. रेकॉर्डिंग शिकायला बसलं की सगळीकडे एकच पद्धत सांगतात, आधी क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, लावा, मग वाद्य वाजवा, मग त्यावर गा. मी दोन महिने तसंच केलं. आधी पेटी, मग गळा. सूर बरोबर, लय बरोबर, आणि गाणं मात्र निर्जीव. कारण आपल्याकडे पेटी गळ्याच्या मागे येते, मी एखाद्या ओळीवर रेंगाळलो तर बोट थांबतं, हरकत घेतली तर बोट तिचा माग काढतं. पेटी आधीच वाजवून ठेवली की गळ्याला तिच्या मागे धावावं लागतं, सगळं उलटं होतं. जूनपासून दोन्ही एकदमच घेतो. गळ्याला एसएम५८ अगदी जवळ, वीतभर अंतरावर, आणि पेटीला एटी२०२० दीड फुटावरून, थोडा वर, भात्याच्या बाजूला नाही, नाहीतर भात्याचा श्वास आणि खटखट सुरांच्या वर येते. पेटीत गळा आणि गळ्यात पेटी थोडी शिरते, ते मान्य. चूक झाली तर एकट्या गळ्याची ओळ दुरुस्त करता येत नाही, अख्खं कडवं परत घ्यायचं. मला ते चालतं.

आता खोली. सुरुवातीची सगळी रेकॉर्डिंग घुमायची, आणि तीही सगळी नाही, मंद्र पंचमाच्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'च्या, आसपासचीच. षड्जावर आवाज ठीक, खाली पंचमावर उतरलो की एकदम ढोलासारखा फुगायचा. मला वाटलं माझाच गळा खाली जड होतोय, तीन आठवडे मी गळ्यावरच मेहनत करत बसलो. मग हिशोब केला. माझी पट्टी काळी एक, माझा 'सा' पेटीच्या त्या काळ्या पट्टीवर, म्हणजे मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झ. खोलीची लांबी ११ फूट. एवढ्या लांबीत ५१ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, १०२ च्या आसपास, आवाज समोरासमोरच्या भिंतींत अडकून फुगतो. आणि मी चटई टाकून बसायचो बरोब्बर मधोमध, जिथे त्या १०२ चा दाब सगळ्यात जास्त. भिंतीपासून लांबीच्या पाव अंतरावर, म्हणजे पावणेतीन फुटांवर, तोच दाब जवळपास नाहीसा होतो. चटई सरकवली आणि पंचम जागेवर आला. एक रुपया खर्च नाही. त्या रात्री मी एकच ओळ वीसेक वेळा गायली असेन, नुसतं खाली उतरून ऐकायला.

बाकी टाळी वाजवली की येणारा चर्र आवाज घालवायला गोधड्या पुरल्या. आजीच्या हातच्या दोन जाड गोधड्या पाठीमागे दोरीवर, भिंतीपासून हातभर पुढे, कपाट कपड्यांनी भरलेलं आणि दारं उघडी. आधी दोन हजारांचा फोम लावला होता, एक इंचाचा, त्यानं फक्त वरचा आवाज खाल्ला आणि सगळं डब्यात बोलल्यासारखं झालं, काढून टाकला. आणि फोम काय, अंड्याचे ट्रे काय, बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही, या भरवशावर कुणी पैसे घालू नका.

एटी२०२० बद्दल एक गोष्ट, हा माइक वरच्या टोकातून नाही, बाजूनं ऐकतो, ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह आहे ती बाजू तोंडाकडे. पहिले चार दिवस मी वरच्या टोकात गात होतो. दुसरं म्हणजे त्याची पाठ बहिरी आहे, ती खिडकीकडे करायची. तरीपण जुलैनंतर संध्याकाळी नदीकडून ढोलपथकांचा सराव सुरू होतो, तेव्हा कुठलाच माइक कामाचा नाही, मी सहा ते दहा सोडूनच दिलं आणि पहाटे साडेपाचची सवय लावली. पहाटे गळा खाली छान लागतो, पंखा लागत नाही, कुणाचा कुकर लागलेला नसतो.

घरघर हा वेगळाच छळ होता. चार्जर लावला की हेडफोनमध्ये सतत हम्म, काढला की गप्प. इंटरफेस यूएसबीवरच चालतो त्यामुळे लॅपटॉप बॅटरीवर ठेवून काम व्हायचं, गुरुवारी लाइट गेली की उलट सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग व्हायचं. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर त्या बोर्डला अर्थिंगच जोडलेलं नव्हतं. कृपा करून चार्जरची तिसरी पिन काढायचा उद्योग करू नका, ती जिवासाठी आहे.

केबलनं पण त्रास दिला. एका दुकानातून घेतलेली स्वस्तातली तिसऱ्या महिन्यात करकरायला लागली, उघडून बघितलं तर एक नंबरच्या पिनची जाळी सुटलेली. तपकीर गल्लीतून, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, चांगल्या कनेक्टरची जोडी आणि मीटरवर मिळणारी वायर आणली, मामानं डाग दिला, अजून शाबूत आहे.

सॉफ्टवेअर रीपर, ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलर, मी घेतलं. रेकॉर्डिंग २४ बिटवर घेतो, आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) लावताना नुसतं गुणगुणून लावत नाही, तार षड्ज पूर्ण ताकदीनं लावून बघतो, तिथे काटा उणे १२ डेसिबलच्या पुढे जाता कामा नये. खालची घरघर कापणारा फिल्टर ८० हर्ट्झवर. बरेच जण १२० सांगतात, पण तिथे माझा मंद्र पंचमच कापला जातो. आईची पट्टी काळी चार, तिला १२० चालतो.

पावसाळ्यात कंडेन्सर काम झालं की सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात. आणि पॉप फिल्टर अभंगाला लागतोच, पांडुरंगातला 'प' आणि भजनातला 'भ' माइकवर आदळतात, शिवाय माइक ओठांच्या रेषेपासून थोडा तिरका ठेवायचा.

परवा कार्तिकीला आईचे तीन अभंग घेतले. इनपुट दोनच, म्हणून तबल्याला वरून एसएम५८, आणि आई आणि पेटी मिळून एटी२०२० समोर, आई जवळ, मी हातभर मागे. तबला थोडा मोठा आलाय, डग्गा जास्तच, पुढच्या वेळी मामाला आणखी लांब बसवणार आहे. आईनं हेडफोन घालायला नकार दिला, तानपुरा फोनवर हळू लावून ठेवला होता तो रेकॉर्डिंगमध्ये मागे ऐकू येतो, आणि ऐकताना मला तो तिथेच बरा वाटला. पुढचे पैसे साठले की चार इनपुटचा इंटरफेस घ्यायचाय, टाळ धरायला मंडळातल्या दोन मावश्या तयारच आहेत.