गप्प संचालकांचं मत घ्यायचं कसं: फेरी, चिठ्ठी की आधीचा फोन?

नागपुरात इतवारीतली पतसंस्था असो की मनीषनगरातली फ्लॅट स्कीम, बैठकीत दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे सही करतात. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे समितीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्यांवर, संयुक्त आणि वैयक्तिकही. चुकीचं कर्ज मंजूर झालं तर कोपऱ्यात गप्प बसलेल्या ताईही त्यात आल्या. म्हणून अध्यक्षांनी पद्धत विचार करून निवडावी.

फेरी सगळ्यात सोपी: एकेकाला विचारत जायचं. अडचण क्रमाची. आधी भाऊ बोलले की पुढचे सगळे "भाऊ म्हणतात तसंच". लष्करी न्यायालयात सर्वांत कनिष्ठ सदस्याचं मत आधी घेतात, ते याचसाठी. तुम्हीही नव्या सदस्यापासून सुरुवात करा, स्वतः शेवटी बोला. मात्र प्रत्येक विषयावर फेरी घेतली तर रात्रीचे अकरा वाजतील.

चिठ्ठीत पाच मिनिटं सगळे निमूट लिहितात, सचिव नावं न घेता वाचतात, मग चर्चा. अर्जदार कुणाचा साळा किंवा व्याही असेल तिथे मला हीच पद्धत भरवशाची वाटते. शिवाय चर्चा तापली की आपल्याकडे ती हिंदीत सरकते आणि आवाज चढतात. लिहिणाऱ्याला त्या गोंधळात घुसावं लागत नाही. पण सात जणांच्या समितीत अक्षर ओळखू येतं. आणि ज्याला विरोध नावानिशी इतिवृत्तात हवा आहे, त्याचं निनावी चिठ्ठीनं भागत नाही.

आधीचा फोन नव्या सदस्यांना आवडतो: "ताई, चार नंबरच्या विषयाचे कागद पाहिले का?" तेवढंच विचारावं. मतही फोनवरच घेतलं तर निर्णय तिथेच होतो, बैठक सह्यांपुरती उरते. वर अध्यक्षच सांगतात, "ताईंचं म्हणणं असं आहे." ताई समोर बसलेल्या!

माझा कौल: कर्ज, ठेकेदार, नोकरभरती यांना आधी चिठ्ठी, मग फेरी. फोन फक्त कागद पोचले का हे विचारायला. जिन्याच्या रंगाला यातलं काहीच नको, हात वर करून मोकळे व्हा.

आणि मे महिन्यात फेरी सुरू असताना कूलर बंद ठेवा. त्या घरघरीत हळू बोलणाऱ्याचं कुणालाच ऐकू येत नाही. उकाडा सोसत नसेल तर बैठक सकाळी आठला घ्या.