गिरगावला स्टेशन आलं: मेट्रो ३ आणि पाहुण्याची मुंबई

आधी निकाल सांगते. वाहतुकीचं साधन म्हणून मेट्रो ३ ला पाचपैकी पाच, मुंबई बघायचं साधन म्हणून पाचपैकी तीन. सरासरी काढायची तर चार. कापलेले दोन गुण खिडकीचे आहेत. भुयारातून जाणाऱ्या गाडीला खिडकी असते, पण ती कशासाठी हे मला अजून उमगलेलं नाही. स्वतःचा चेहरा बघत बसायचं.

हे लिहायचं कारण म्हणजे मी गिरगावची. चाळीत वाढले, लग्न होऊन नाशिकला गेले आणि आता मुंबईला जाते ती पाहुणी म्हणून. माझ्यासारखे, मुंबई सोडलेले पण मुंबईला जायला निमित्तं शोधणारे लोक खूप आहेत. ते जातात, भावाबहिणीकडे डोंबिवलीला नाहीतर विरारला उतरतात, लग्नाचा हॉल गाठतात आणि 'मुंबई आता पूर्वीची राहिली नाही' म्हणत परततात. राहिली नाही हे खरंच. पण मजा घेण्याजोगी ती आता जास्त झालीय, कारण आपल्याला ९:१२ ची लोकल पकडायची नसते.

गिरगावकरांचं एक जुनं दुःख होतं. आमच्या नावाचं स्टेशनच नव्हतं. बाहेरच्या माणसाला पत्ता सांगताना 'चर्नी रोडला उतरा' किंवा 'मरीन लाइन्सला उतरा' म्हणायचं आणि पुढे खाणाखुणा सांगत बसायचं. मेट्रो ३ चा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि फलाटावर 'गिरगाव' अशी पाटी लागली. पाटी पाहून मी फोटो काढला, हे कबूल करायला मला लाज नाही. या मेट्रोच्या स्टेशनांसाठी जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावरच्या काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि तिथल्या लोकांना बरीच वर्षं दुसरीकडे राहावं लागलं, हेही त्या पाटीखाली उभं राहिल्यावर आठवतंच. रस्ता नाना शंकरशेठांच्या नावाचा. मुंबई ते ठाणे पहिली रेल्वे १८५३ साली धावली, ती आणण्यात ज्या भारतीयांनी पुढाकार घेतला त्यांत नाना होते. पुढे मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनलाही त्यांचंच नाव दिलंय. माणूस आमच्या गिरगावातला, म्हणून ठळक सांगते.

आता सेवा कशी आहे ते. मार्ग साडेतेहतीस किलोमीटरचा, कफ परेडपासून आरेपर्यंत. स्टेशनं २७, त्यांतलं फक्त आरेचं जमिनीवर. गाडी आठ डब्यांची, गार, फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे, त्यामुळे लोंबकळण्याचा प्रश्न नाही. भाडं १० ते ७० रुपये. लोकलच्या ५ रुपयांशी तुलना करून नाकं मुरडणारे भेटतील. पण सेकंड क्लासच्या गर्दीत शिरून साडीच्या निऱ्या सावरत उतरायचं माझं वय गेलं.

आम्हा नाशिककरांना तर ही मेट्रो फारच सोयीची. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरायचं, सबवेत शिरायचं, की मेट्रो. फक्त एक करा. लगेच खाली उतरू नका. आधी बाहेर या, रस्त्यापलीकडे जा आणि ते स्टेशन समोरून बघा. मुंबईत राहत असताना आम्ही त्या इमारतीकडे फक्त घड्याळासाठी बघायचो. १८८८ साली पूर्ण झालेलं हे टर्मिनस आणि समोरची १८९३ ची महापालिकेची इमारत, दोन्ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या एकाच वास्तुरचनाकाराची. दोघींच्या मध्ये उभं राहून मान इकडून तिकडे फिरवली की कळतं. पैसे पडत नाहीत.

माझा नियम सोपा आहे: जाताना खालून, येताना वरून. मेट्रोने पटकन पोचायचं, दिवसातला ताजा वेळ पायांना द्यायचा आणि परतताना बस, लोकल किंवा चालणं. मेट्रोनेच गेलात आणि मेट्रोनेच आलात, तर तुम्ही मुंबईला जाऊन आलात असं मी मानत नाही.

सीएसएमटीहून काळबादेवी आणि मग गिरगाव, दोनच स्टेशनं. गिरगावला वर आलात की पहिल्यांदा खोताच्या वाडीत शिरा. लाकडी जिने, कौलं, रंगीत कठडे असलेली जुनी घरं, त्यांतली बरीचशी ख्रिस्ती कुटुंबांची. पण लक्षात ठेवा, ही लोकांची राहती घरं आहेत. माझी भाची मोबाइल उंचावून एका व्हरांड्याचा व्हिडिओ काढत होती, तर आतून एक आजी म्हणाल्या, "बाळा, कपडे वाळत घातलेत, जरा थांब, काढते." भाची ओशाळली. मी म्हटलं, "आता पुढच्या घरी तरी आधी विचार." याच वाडीत अनंताश्रम नावाची गोमंतकी खाणावळ होती, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. बाहेरचे लोक अजून तिचा पत्ता विचारत येतात. तुम्ही विचारू नका, सांगणाऱ्यालाही त्रास होतो.

तिथून केशवजी नाईक चाळ. मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव इथे १८९३ पासून चालत आलाय आणि मूर्ती अजूनही लहानच असते. लालबागच्या रांगेत अर्धा दिवस घालवणाऱ्यांना मी दरवर्षी हेच सांगते: इकडे या, पाच मिनिटांत दर्शन, आणि आरतीचे शब्दही नीट ऐकू येतात. गणपतीत यायचं नसेल तर गुढीपाडव्याला या. सकाळच्या शोभायात्रेत नऊवारी आणि नथ घातलेल्या बुलेटवाल्या मुली बघून माझ्या नाशिकच्या सासूबाई खूश झाल्या होत्या. गिरगावात त्यांना आवडलेली ती पहिली गोष्ट.

मॅजेस्टिक सिनेमा शोधू नका. भारतातला पहिला बोलपट १९३१ साली तिथे लागला होता, आता तिथे दुकानांची इमारत आहे. खायचं असेल तर ठाकुरद्वारला विनय हेल्थ होमची मिसळ. तिखटाने डोक्याला घाम फोडणारी ती नव्हे. नाशिककरांनी जाण्याआधी अपेक्षा बदलून घ्याव्यात. आमच्याकडची मिसळ म्हणजे तर्री, पापड, दही आणि मळ्यातली खाट. इथे संगमरवरी टेबल, समोर अनोळखी माणूस आणि त्याच्या कोपराचा धक्का. मला दोन्ही चालतात, नवऱ्याला फक्त नाशिकची. त्याने शेवटी डोसा मागवला.

मावा केकसाठी आम्ही ग्रँट रोडला जायचो, म्हणजे पुढचंच स्टेशन. रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला बी. मेरवान, १९१४ साली सुरू झालेला इराणी. तिथे सकाळी लवकरच जावं लागायचं. उशिरा गेलं तर रिकामे ट्रे आणि समाधानी गिऱ्हाइकं दिसायची. पंचवटीने येणाऱ्यांना त्याच दिवशी हे जमायचं नाही, त्यासाठी मुक्काम लागायचा.

गिरगावातून परत 'वरून' यायचे दोन रस्ते. पाय बरे असतील तर चौपाटी आणि तिथून मरीन ड्राइव्हने चर्चगेट. डाव्या हाताला गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती लागतात. ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारतींसकट हा सगळा परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. आम्ही त्यांना 'समुद्रासमोरची श्रीमंतांची बिल्डिंग' म्हणायचो, बांधणीच्या या शैलीला आर्ट डेको म्हणतात वगैरे नंतर कळलं. आणि पाय दुखत असतील तर चर्नी रोडहून चर्चगेटची लोकल, दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला, उजवीकडची खिडकी. जिमखान्यांच्या मैदानांपलीकडे समुद्र दिसतो. जेमतेम दोन स्टेशनांचा प्रवास, पण मेट्रोच्या सगळ्या मार्गावर असं काही नाही.

दुसरा दिवस हुतात्मा चौकासाठी ठेवा. माझ्या मते या मार्गावरचं सगळ्यात मोलाचं स्टेशन हेच. वर आलं की फ्लोरा फाउंटन, शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. तिथून काळा घोडा, जहांगीर कला दालन, डेव्हिड ससून वाचनालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर, हॉर्निमन सर्कल, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या, सगळं चालण्याच्या अंतरात. सगळं एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. मी दर खेपेला एकच मोठी गोष्ट घेते. वस्तुसंग्रहालय घेतलं तर फक्त वस्तुसंग्रहालय. १९२२ साली ते लोकांसाठी उघडलं आणि शाळेच्या सहलीत आपण ते पळत पळत पाहिलेलं असतं. आता लघुचित्रांसमोर निवांत उभं राहा, कोणी बाई शिट्टी मारत नाही.

जहांगीरला तिकीट नाही, आत गारवा असतो, आणि चित्रं कळली नाहीत तरी कोणी परीक्षा घेत नाही. कॉलेजात असताना आम्ही तिथल्या समोवार कॅफेत एका चहावर तासन्‌तास बसायचो. ते २०१५ मध्ये बंद झालं. जेवायला बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया. १९२३ पासूनचं पारशी उपाहारगृह, फक्त दुपारी उघडं. बेरी पुलाव मागवा, आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. शाकाहारी मंडळींनी तिथे हिरमुसून बसण्यापेक्षा फोर्टमधलं एखादं उडुपी गाठावं.

बाकीच्या स्टेशनांचं थोडक्यात. सिद्धिविनायकला आता थेट जाता येतं, म्हणून मंगळवारी जाऊ नका. महालक्ष्मीचं नाव बघून देवळासाठी उतरणाऱ्या मावश्या मला भेटल्या. देऊळ तिथून बरंच लांब, समुद्राकडे आहे, टॅक्सी करावी लागते. स्टेशनजवळ आहे तो धोबीघाट. लहान मुलं बरोबर असतील तर सायन्स सेंटर. दादरला उतरून शिवसेना भवनाजवळच्या आस्वादला थालीपीठ आणि मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणं, हा संध्याकाळचा उत्तम कार्यक्रम, शनिवार-रविवार सोडून. बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाला, काम असेल तरच उतरा. विमानाने येणाऱ्यांना मात्र दोन्ही टर्मिनलांची स्टेशनं मिळाली आहेत, आणि मरोळ नाक्याला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो बदलता येते.

या मेट्रोला सगळं शहर सापडत नाही, आणि मला सगळ्यात प्रिय दोन ठिकाणं तिच्या वाटेवर नाहीत. एक माटुंगा. स्टेशनसमोर ए. रामा नायक यांचं १९४२ पासूनचं बोर्डिंग, जिना चढून जायचं, केळीच्या पानावर जेवण, आणि वाढपी थांबत नाही. दुसरं भायखळा. राणीच्या बागेत लोक पेंग्विनसाठी रांग लावतात, तर त्यांच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय रिकामं असतं. १८७२ चं, आतले खांब आणि छत बघतच राहावं असं. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. आणि खरा काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्ड राजासकट असलेला तो पुतळा, १९६५ पासून याच बागेत आहे. फोर्टातला बिनस्वाराचा घोडा २०१७ मधला. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आत्या, म्हणजे इतकी वर्षं तिथे घोडाच नव्हता आणि तुम्ही काळा घोडाच म्हणत होतात?" होय, म्हणत होतो.

भायखळ्याला बेस्टने जा. आता किमान भाडं साध्या बसला १० रुपये, गार बसला १२. बसच्या कपाळावरचा नंबर मराठी अंकांत असतो, तो लांबून वाचता येणं ही मुंबईकराची खरी ओळख. भाचीला येत नाही, ती चलो अ‍ॅपवर बस कुठवर आली ते बघते. बस दोघींनाही सारखीच उशिरा भेटते.

जाण्याआधी एवढं बघा. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते आठ मेट्रोत शिरू नका, तुम्हाला कुठलंही ऑफिस गाठायचं नाही. तिकीट वर असतानाच काढून ठेवा. गुडघे दुखत असतील तर आधी लिफ्ट कुठल्या दाराला आहे ते विचारा, कारण स्टेशनं खोल आहेत आणि चुकीच्या दाराने बाहेर आलात तर रस्त्याच्या भलत्याच टोकाला निघता. शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराला सुटते, नाटक बघून येणाऱ्यांनी त्या भरवशावर राहू नये. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड बुधवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी लेणी सोमवारी बंद. आणि जून ते सप्टेंबर छत्री नाही, रेनकोट.