आधी काळ बदलायला शिकवायचं, की आधी ‘कोण म्हणालं’ ते?

इंग्रजीतला ‘रिपोर्टेड स्पीच’, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगणं, दोन वाटांनी शिकवता येतो. पहिली वाट व्याकरणाची. अवतरणचिन्हातलं वाक्य फळ्यावर लिहायचं आणि मुलांनी ते फिरवायचं: प्रेझेंटचा पास्ट, ‘विल’चं ‘वुड’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’. दुसरी वाट लेखनाची. एखादा उतारा वाचायचा आणि त्यात कोणी काय म्हटलंय ते नाव घेऊन, आपल्या शब्दांत मांडायचं. संदर्भ देण्याची सुरुवात इथेच होते. तासिका मोजक्या असतात, त्यामुळे कुठली वाट आधी धरायची हे शिक्षकाला ठरवावंच लागतं. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. पण पहिलीत एक गोष्ट अशी आहे की ती गाळून पुढे गेलं तर मुलं पुढे अडकतातच, म्हणून आधी ती.

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘तो म्हणाला की मी थकलोय.’ थकलेला तोच, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ आणि त्याचा काळ, दोन्ही जसेच्या तसे राहतात. हेच वाक्य मूल इंग्रजीत नेतं: ‘ही सेड दॅट आय ॲम टायर्ड.’ आता थकलेला माणूसच बदलला! इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं, हे मूल स्वतःच्याच थकव्याबद्दल बोलतंय. व्याकरणाची पुस्तकं बहुतेक वेळा काळापासून सुरू होतात, पण मराठी मुलांचं खरं अडतं ते सर्वनामापाशी. काळ चुकला तर वाक्य खटकतं, सर्वनाम चुकलं तर अर्थच उलटतो. म्हणून पहिले दोन तास फक्त ‘आय’चं ‘ही’ कधी होतं आणि ‘यू’चं ‘मी’ कधी होतं, यावर घालवले तरी ते सत्कारणी लागतात.

प्रश्नांचंही तसंच. ‘तू कुठे होतास असं तिनं विचारलं’ म्हणताना मराठीत शब्दांची जागा हलत नाही. इंग्रजीत मात्र ‘व्हेअर वर यू’ हा क्रम मोडून ‘शी आस्क्ड व्हेअर आय वॉज’ करावं लागतं. हे सरावानंच बसतं आणि वाक्य फिरवण्याची पद्धत सराव भरपूर देते. उत्तर एकच असल्यामुळे वह्याही भराभर तपासून होतात. मोठ्या वर्गात ही सोय फार मोलाची असते.

पहिली वाट अपुरी पडते ती काळ बदलण्याच्या सक्तीमुळे. एका लेखात वाक्य आहे, ‘बीज हॅव फाइव्ह आइज.’ ते खरंच आहे, मधमाशीला दोन मोठे संयुक्त डोळे असतात आणि डोक्यावर तीन लहान. नियम घोटलेलं मूल लिहितं, ‘द ऑथर सेड दॅट बीज हॅड फाइव्ह आइज.’ व्याकरणात ते बसतं. पण आता वाचणाऱ्याला शंका येते: आता मधमाश्यांना तेवढे डोळे नाहीत की काय? की लिहिणाऱ्याचा लेखकावर विश्वास नाही? ‘सार्वत्रिक सत्य असेल तर काळ बदलू नये’ हा अपवाद बहुतेकांना पाठ असतो, त्यामागचं कारण मात्र सांगितलेलं नसतं. गोष्ट अजून खरी आहे असं सांगणाऱ्याला वाटत असेल, तर इंग्रजीत काळ तसाच ठेवता येतो. म्हणजे काळ हा निव्वळ यांत्रिक बदल नाही. सांगणारा त्या विधानाच्या किती जवळ उभा आहे, हे त्यातून कळतं.

दुसरं म्हणजे, खऱ्या बोलण्यात आपण दुसऱ्याचे शब्द क्वचितच पुन्हा उच्चारतो, आपण त्याचं सार सांगतो. ‘सॉरी, आय ॲम लेट’ हे फिरवून ‘शी सेड शी वॉज सॉरी अँड दॅट शी वॉज लेट’ असं कोणी म्हणत नाही. ‘शी अपॉलोजाइज्ड फॉर बीइंग लेट’ म्हणतात. फिरवाफिरवीच्या सरावातून हे वाक्य कधीच बाहेर पडत नाही.

दुसरी वाट नेमकी इथूनच सुरू होते, क्रियापदापासून. मराठीत आपल्याकडे केवढी श्रीमंती आहे: म्हणतो, मांडतो, सुचवतो, दाखवून देतो, कबूल करतो, दावा करतो. ‘दावा करतो’ म्हटलं की आपण एक पाऊल मागे घेतलं, ‘दाखवून देतो’ म्हटलं की आपण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. आणि ‘तो म्हणे उद्या येणार’ यातला ‘म्हणे’! मी नुसतं ऐकलंय, हमी माझी नाही, हे सगळं एका शब्दात येतं. ही जाण मुलांकडे घरूनच असते. इंग्रजीत तिला ‘सजेस्ट्स’, ‘क्लेम्स’, ‘पॉइंट्स आउट’, ‘ॲडमिट्स’ अशी नावं द्यायची, एवढंच काम उरतं. ते केलं नाही तर मुलं एक तर सगळीकडे ‘सेज’ वापरतात किंवा उत्साहानं ‘प्रूव्ह्ज’. सर्वेक्षणातला एक आकडा ‘प्रूव्ह्ज’ म्हणून मांडला की लेखनाचा तोलच जातो.

या वाटेवरचे खड्डेही खरे आहेत. वाचन कच्चं असेल तर मूल उताऱ्यातले दोन-तीन शब्द बदलून वाक्य जसंच्या तसं उतरवतं. ‘अकॉर्डिंग टू द ऑथर, ही सेज दॅट’ अशी दुहेरी बांधणी करतं, ‘द ऑथर टोल्ड दॅट’ लिहितं आणि ‘टेल’ला ऐकणारा लागतो हे विसरतं. तपासायला वेळ लागतो, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. शिवाय कंस आणि स्वल्पविराम म्हणजेच संदर्भ, असा समज चटकन रुजतो.

एपीए, एमएलए अशा संदर्भशैलींचा, म्हणजे संदर्भ कसा लिहायचा याच्या ठरलेल्या पद्धतींचा, घोळ सुरुवातीला नकोच. एपीए कंसात लेखक आणि वर्ष मागते, एमएलए लेखक आणि पान. एपीएत 40 किंवा जास्त शब्दांचं अवतरण वेगळ्या परिच्छेदात जातं. मुलांना पुढे जी शैली लागणार असेल, तीच एक शिकवावी. एक फरक मात्र आपल्या विषयाला थेट भिडतो. दुसऱ्यांच्या संशोधनाबद्दल लिहिताना एपीए भूतकाळ किंवा प्रेझेंट परफेक्ट सुचवते, एमएलएत वर्तमानकाळ चालतो: ‘द ऑथर आर्ग्यूज दॅट.’ ज्या मुलानं ‘सेड’नंतर सगळं मागे ढकलायचं एवढंच घोटलंय, ते ‘आर्ग्यूज’पुढे गोंधळून थांबतं.

दोन्ही वाटा जोडणारी गोष्ट वर्गात मोठ्यानं सांगायला हवी. अवतरणचिन्हं गेली तरी बोलणारा जात नाही. शब्द आपले केले म्हणून विचार आपला होत नाही, संदर्भ तिथेही द्यावा लागतो. ‘मी शब्द बदललेत, मग नाव कशाला?’ असं मुलं अगदी प्रामाणिकपणे विचारतात. ज्यांनी ‘ही सेड दॅट’ मन लावून शिकलंय, त्यांना त्याचं उत्तर तिथेच सापडतं: चिन्हं काढल्यावरही ‘ही’ वाक्यात राहिलाच होता ना?

आता निवड. परीक्षा दोन महिन्यांवर असेल आणि तिच्यात वाक्य फिरवायचा प्रश्न असेल, तर पहिली वाट धरा आणि मनात किंतु ठेवू नका. अगदी नवखे विद्यार्थी असतील तर दोन्ही थांबवून फक्त सर्वनामं आणि ‘से’-‘टेल’ घ्या. कॉलेजात निबंध किंवा प्रकल्प लिहिणाऱ्यांना मात्र दुसरीपासूनच सुरुवात करून द्या, काळाचे नियम लागतील तसे मधे घ्या. त्यांच्यासाठी पहिला तास असा घेता येतो: मधमाशीचं ते वाक्य फळ्यावर लिहा, त्याच्यापुढे ‘सेज’, ‘क्लेम्स’ आणि ‘पॉइंट्स आउट’ लावून तीन वाक्यं करा आणि विचारा, यातल्या कुठल्या वाक्यात लिहिणाऱ्यानं पाच डोळे खरे मानलेत?