जुना सोलर बदलायचा की दुरुस्त करायचा? गच्चीवरच्या २०० लिटरच्या नळीवाल्या हीटरचा आढावा

कोल्हापुरात घर तापवायची गरज पडत नाही, प्रश्न फक्त अंघोळीच्या पाण्याचा. त्यासाठी कितीतरी गच्च्यांवर २०० लिटरचा, साधारण २० काचेच्या नळ्यांचा सोलर बसलेला असतो. काही वर्षांनी पाणी कोमट यायला लागलं की ‘आता नवाच बसवा’ असा सल्ला मिळतो. आमचं मत: आतली टाकी शाबूत असेल तर अख्खा सोलर बदलू नका.

आधी नळ्या बघा. नळीच्या खालच्या टोकाला आतून चांदीसारखी चकाकी असते. ती दुधाळ पांढरी झाली असेल तर नळीच्या दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली आणि त्या नळीतून उष्णता निसटते. तेवढीच नळी बदला. ५८ मिलिमीटर जाड आणि १८०० मिलिमीटर लांब हे माप जास्त चालतं, जुन्या सोलरना ४७ बाय १५०० असू शकतं. मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका. नळीबरोबर सिलिकॉनची रिंगही नवी घाला, तिला साबणाचं पाणी लावून नळी फिरवत फिरवत बसवा. हे काम पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच करा. रिकामी नळी उन्हात भयंकर तापते, तिच्यात गार पाणी गेलं की तडकते.

मग टाकीची परीक्षा. रात्री आठला पाइपातलं गार पाणी काढून टाकून तापमान मोजा, रात्रभर नळ सोडू नका, सकाळी सहाला पुन्हा मोजा. पाच-सहा अंशांचा फरक चालतो. पंधराच्या आसपास असेल तर पफ, म्हणजे टाकीभोवतीचा उष्णता धरून ठेवणारा फोम, भिजला आहे. बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल तर आतल्या टाकीची शिवण, म्हणजे पत्र्याचा जोड, सुटली. तिथे वेल्डिंगच्या नादी लागू नका: उष्णतेनं पफ जळतो आणि शेजारची शिवण पुन्हा सुटते. इथे मात्र नवा घ्यावाच.

नवा घेताना पाणी कुठलं, हे आधी ठरवा. नदीचं नळपाणी असेल तर साधी स्टीलची टाकी चालते. बोअरचं असेल तर क्षार साचतात, क्लोराइड जास्त असल्यास स्टीलला भोकं पडतात. तिथे आतून एनॅमल, म्हणजे काचेसारखा लेप, लावलेली टाकीच घ्या. तिच्यातला, टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा काढून बघा, बारीक झाला की बदला. त्याकडे दुर्लक्ष झालं तर महाग टाकीही वाया जाते.

क्षमतेत पैसे वाचतात. एका माणसाला ४० अंशांच्या दोन बादल्या, म्हणजे ४० लिटर पाणी लागलं, तर त्यात ६० अंशांचं फक्त १७ लिटर जातं, बाकीचं गार. चौघांना १०० लिटरचा पुरतो. शॉवर असेल तर १५०.

टाकीतल्या वीजकॉइलवर पैसे घालू नका, हे ठामपणे सांगतो. पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन नसतं, तेव्हा २०० लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायला जवळपास ६ युनिट आणि २ किलोवॅटच्या कॉइलला तीन तास लागतात. न्हाणीघरातला १५ लिटरचा गीझर तेवढ्याच ताकदीत वीस मिनिटांत ६० अंश देतो, खर्च ०.६ युनिट. गॅस गीझर पाणी झटपट देतो, पण बंद न्हाणीघरात तो नकोच. त्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. अंगणात शेणी-चिपाडांवर चालणारा तांब्याचा बंब असेल तर पावसाळ्यासाठी तोही राहू द्या.

बसवताना तोंड दक्षिणेला, आणि नारळाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली हिवाळ्यातल्या उन्हातही पडता कामा नये. सोलरच्या टाकीचा हवेचा पाइप गार पाण्याच्या टाकीतल्या सर्वात वरच्या पातळीपेक्षा उंच आणि उघडा हवा. तो बुजला तर पाणी उपसताना सोलरची टाकी आत चेपते. गरम पाण्याच्या पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी गार होऊन बसतं, वीस मीटरला पाच लिटर. म्हणून पाइपाला फोमचं वेष्टण घाला आणि सोलर न्हाणीघराच्या जमेल तितका डोक्यावर बसवा.