पीएचपी 8: मोठ्या वेब ॲपला चालतं का? नऊ वर्षं पीएचपी वापरून सांगतोय

स्क्रिप्टिंग लँग्वेज छोट्या साइटला ठीक, मोठ्या कामाला जावाच पाहिजे, हे कॉलेजपासून ऐकत आलोय. मी पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, सगळं पीएचपी या स्क्रिप्टिंग लँग्वेजमध्ये, तीनेक लाख ओळींचा कोड, आणि एवढ्या वर्षांनी माझं मत असंय की स्पीड हा मुद्दाच नाहीये. डिसेंबर 2015 मध्ये पीएचपी 7 आलं तेव्हाच ते बरंच पळायला लागलं होतं, आणि आमचं पेज जेव्हा जेव्हा रखडलं तेव्हा शेवटी डेटाबेसची क्वेरीच सापडली, कुठेतरी इंडेक्स (डेटा पटकन सापडावा म्हणून केलेली सूची) लावायचा राहिलेला. शिवाय इथे प्रत्येक रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते, आधीच्या रिक्वेस्टचं काही मेमरीत राहत नाही, त्यामुळे लोड वाढला की शेजारी अजून एक सर्व्हर लावायचा. विकिपीडिया आजही पीएचपीवरच चालतं.

खरा त्रास टाइपचा, म्हणजे एखाद्या जागी आकडा आहे की शब्द, याचा. आमच्याकडे पावतीचं स्टेटस आकड्यात होतं, 0 म्हणजे बाकी. नंतर कोणीतरी एका स्क्रीनवरून तिथे 'रद्द' असा शब्द भरायला लागलं, आणि जुनं पीएचपी 0 शी तुलना करताना शब्दाचा आकडा करायला जायचं, आकडा काही निघायचा नाही मग 0 धरायचं, म्हणजे रद्द पावती थेट बाकीच्या यादीत! ना एरर ना वॉर्निंग. मार्चएंडला बेरीज जुळेना तेव्हा रात्री दोन वाजता सापडलं, तोवर एका आजींना थकबाकीचा मेसेज गेलेला, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

नोव्हेंबर 2020 च्या पीएचपी 8 ने ही तुलना सुधारली, तेवढ्यासाठी तरी अपग्रेड कराच. फेसबुकने 2014 मध्ये याच कुळातली टाइपवाली हॅक नावाची भाषा काढली, जावास्क्रिप्टवाल्यांना 2012 पासून टाइप लावता येणारी टाइपस्क्रिप्ट आहे, म्हणजे कोड वाढला की सगळे टाइपकडेच वळतात. आम्ही स्ट्रिक्ट टाइप्स लावले (फंक्शनला आकड्याच्या जागी शब्द दिला की थेट एरर) आणि पीएचपीस्टॅन, म्हणजे कोड न चालवताच चुका शोधणारं टूल, सगळ्यात सौम्य लेव्हल 0 पासून चढवत नेलं, पहिल्याच रनला अकराशे एरर, त्यातले कितीतरी खरे बग! आता फंक्शनचं नाव बदलताना हात थरथरत नाही.

नवीन प्रोजेक्ट असेल तर हे पहिल्या दिवसापासून लावा, जुन्या कोडला नंतर लावायला आमचं दीड वर्ष गेलं. एक तक्रार मात्र आहेच, ॲरेत (अनेक व्हॅल्यूंच्या यादीत) नक्की काय भरलंय हे भाषेत सांगायची सोय अजून नाही, कॉमेंटमध्ये लिहावं लागतं, आणि घाईत तेच लिहायचं राहून जातं.